विजापूर वेशीतून विजापूरला

सोलापूर स्वतः कधी कुणाची राजधानी नव्हतं. पण राजधान्यांच्या शेजाराला मात्र त्याला तोड नाही. राष्ट्रकूटांचं मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, चालुक्यांचं कल्याण, बहमनींचं गुलबर्गा आणि मग बिदर, आदिलशहांचं विजापूर. ही सगळी गावं सोलापूरहून सकाळी निघून त्याच दिवशी गाठता येतात. खुद्द जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यालाही कल्याणच्या आधी कलचुरींची राजधानी असल्याचा मान आहे. यांतलं विजापूर सर्वांत जवळचं आणि सर्वांत जास्त उरलेलं. गावात 'विजापूर वेस' आहे, 'विजापूर रोड' आहे, आणि शाळेची सहल एकदा तरी गोलघुमटाला गेलेली नाही असा सोलापूरकर सापडणं कठीण.

अडचण तिथेच आहे. शाळेच्या सहलीत आपण सात मजले धापा टाकत चढतो, वर जाऊन 'ओ' देतो, खाली येऊन डबा खातो आणि विजापूर पाहिलं म्हणतो. गोलघुमट म्हणजे एक थडगं. राजधानी म्हणजे त्याच्या आजूबाजूचं सगळं: पाणी कुठून आलं, पैसा कुठून आला, तट का बांधला, कोणी काय अर्धं टाकून मेलं. विजापूर समजून घ्यायचं तर या अर्धवट राहिलेल्या कामांकडे नीट बघायला हवं. अर्धी इमारत मिस्त्रीचं गुपित सांगते, आणि मालकाचंही.

आधी सोलापूरचा हिशेब. १५२४ च्या सुमारास सोलापुरात एक शाही लग्न ठरलं. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं कबूल केलं. लग्न झालं, किल्ला काही दिला नाही. हुंड्याच्या भांडणावरून आपल्याकडे सोयरीक तुटते; इथे दोन शाह्यांच्या फौजा पुढची कित्येक वर्षं एकमेकींवर तुटून पडत राहिल्या. किल्ला कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. अखेर १५६४ च्या सुमाराला लग्नानेच हा वाद मिटला. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्यासोबत विजापूरला गेलं. या सोयरिकीतूनच दख्खनच्या शाह्या एकत्र आल्या आणि २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या, म्हणजे तालिकोटच्या लढाईत त्यांनी विजयनगरचा पराभव केला. सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट एवढा शांत दिसतो की त्याच्यापायी इतकं झालं असेल असं वाटत नाही.

सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. मंद्रूप, नांदणी, टाकळी. मग भीमेवरचा पूल ओलांडला की धूळखेड आणि कर्नाटक. पाट्यांची लिपी बदलते, रान बदलत नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, आणि झळकीच्या हॉटेलात तीच कडक भाकरी नि शेंगाचटणी. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता. गावाचं अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुर आहे, म्हणजे मूळ जुन्या नावाकडेच ते परत गेलंय. रेल्वेने जायचं तर होटगीहून गदगकडे फुटणारा फाटा आहे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने तो मीटरगेजवर टाकला, आता ब्रॉडगेज झालाय. गाडीने जा किंवा रेल्वेने, गाव यायच्या बऱ्याच आधी क्षितिजावर घुमट वर येतो.

माझा सल्ला असा, की घुमट उघडल्या उघडल्या, सहली यायच्या आत वर जाऊन आवाज ऐकून घ्यावा. पण गाव बघायला सुरुवात करावी ती अर्ककिल्ल्यापासून. अर्ककिल्ला म्हणजे शहराच्या पोटातला राजवाड्याचा बालेकिल्ला. इथल्या करीमुद्दीनच्या मशिदीचे खांब जुन्या देवळांचे आहेत आणि तिचं साल १३२०, म्हणजे आदिलशाही जन्माला यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं. १४९० च्या आसपास युसूफ आदिलखान बहमनी सत्तेतून मोकळा झाला, तेव्हा त्याने माळावर राजधानी वसवली नाही. जुन्या गावावर आपलं बस्तान मांडलं. त्याची एक राणी मराठा घराण्यातली, मुकुंदरावाची बहीण. नातू पहिला इब्राहिम १५३४ मध्ये गादीवर आला आणि त्याने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या लोकांच्या भाषेत आणले. फिरिश्ता तिला 'हिंदवी' म्हणतो. बहुतेक अभ्यासक ती मराठी मानतात. दरबारचा रुबाब फारसी आणि दफ्तराची बेरीज-वजाबाकी ब्राह्मण कारकुनांची, असा हा कारभार होता.

गगनमहालाची कमान किल्ल्यातलं सर्वांत ठसठशीत काम. १५६१ चं. समोरचा मधला गाळा साठ फुटांहून रुंद, एकाच कमानीचा. दरबार आत भरे, मैदानातल्या लोकांना कमानीतून तो नाटकाच्या रंगमंचासारखा दिसे. छप्पर गेलंय, लाकडी काम गेलंय, कमान मात्र टिकून आहे. १६८६ मध्ये शेवटच्या सुलतानाला, सिकंदरला, चांदीच्या साखळ्या घालून औरंगजेबापुढे इथेच उभं केलं असं परंपरा सांगते.

तालिकोटच्या लुटीचा पैसा हातात आला तसा अली आदिलशहाने दोन मोठी कामं काढली. एक तट. सुमारे दहा किलोमीटरचा घेर, ९६ बुरूज, पाच मोठे दरवाजे: पश्चिमेचा मक्का, मग शहापूर, बहमनी, अल्लापूर आणि आग्नेयेचा मंगोळी. औरंगजेब मंगोळी दरवाज्याने आत शिरला, तेव्हापासून तो फत्ते दरवाजा. दुसरं काम जामा मशीद. आत कमानींमागून कमानी, पांढऱ्या चुन्याच्या, कुठेही भपका नाही. सगळं सोनेरी चित्रकाम एका मिहराबीवर एकवटलेलं आहे आणि तेही नंतरचं, महंमद आदिलशहाच्या काळात १६३६ मध्ये झालेलं. जमिनीवर एकेका माणसाला नमाजापुरती जागा काळ्या रेघांनी आखलेली दिसते. सव्वादोन हजारांच्या घरात चौकटी आहेत. या रेघा औरंगजेबाने मारून घेतल्या म्हणतात, इथले गालिचे उचलून नेल्यावर. बाहेर येऊन वर बघा. एवढ्या मोठ्या मशिदीला शोभतील असे मिनार नाहीत. ते व्हायचे राहिले. अलीपासून औरंगजेबापर्यंत सव्वाशे वर्षं काहीना काही भर पडत गेली, मशीद पुरी झालीच नाही.

आता पाण्याकडे वळू. माझ्या मते विजापुरातली सर्वांत मोठी कामगिरी घुमटात नाही, ती पाण्यात आहे. सोलापूरच्या माणसाला हे पटवून द्यायला नको. भीमा दूर, कृष्णा दूर, पाऊस बेभरवशाचा, खाली कातळ. अशा जागी बादशाही शहर पाजायचं कसं? पश्चिमेला तोरवी गावाकडे भूगर्भातलं पाणी अडवून ते बोगद्याने शहराकडे आणलं. त्याला सुरंग बावडी म्हणतात. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खोदल्या, म्हणजे हवा येते, गाळ काढता येतो आणि वाटेतल्या लोकांना पाणीही शेंदता येतं. ही इराणातली कनातची विद्या. बिदर, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद इथेही ती निरनिराळ्या रूपांत वापरली गेली. दक्षिणेला १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला आणि तिथून मातीचे नळ चुन्यात पक्के बसवून शहरात आणले.

गावात फिरताना घरांच्या मध्येच एखादा चौकोनी दगडी मनोरा दिसतो, ना दरवाजा ना घुमट. बहुतेक लोक त्याच्याकडे बघत नाहीत. हे गंज. उतारावरून येणारं पाणी नळात कोंडलं की दाब वाढून मातीचे नळ फुटतात. म्हणून वाटेत मनोरा बांधायचा, पाणी त्यात वर चढू द्यायचं, दाब मोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने पुढे सोडायचं. आजच्या पाणीपुरवठ्यातली 'ब्रेक प्रेशर टाकी' म्हणजे हेच, फक्त सिमेंटची.

गावातल्या बावड्यांपैकी दोन चुकवू नयेत. चांद बावडी १५७९ ची, अलीने चांदबीबीच्या नावाने बांधलेली. म्हणजे सोलापूर ज्या नवरीच्या हुंड्यात गेलं तिचीच. वर्षभरात अलीचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आला आणि कारभार चांदबीबीने हातात घेतला. दरबारी सरदारांनी तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकलं. पुढे माहेरी जाऊन तिने १५९५ च्या वेढ्यात अहमदनगर लढवलं, ते आपण शाळेत शिकतो. विजापूरचा भाग बहुधा राहून जातो. दुसरी ताज बावडी, १६२० ची. दोन अष्टकोनी मनोऱ्यांमधली कमान आणि तिच्या पलीकडे सव्वादोनशे फुटांचा चौकोनी जलाशय, बाजूंना मुसाफिरांसाठी ओवऱ्या. कित्येक वर्षं तिथे कचरा आणि शेवाळ होतं. अलीकडे गाळ उपसला, त्यामुळे खोली लक्षात येते.

तो नऊ वर्षांचा इब्राहिम मोठा झाला आणि विजापूरला त्याच्यासारखा राजा पुन्हा मिळाला नाही. सत्तेचाळीस वर्षं राज्य केलं. संगीताचं वेड इतकं की तंबोऱ्याला नाव मोतीखान, हत्तीचं नाव आतशखान. दख्खनीत लिहिलेल्या त्याच्या 'किताब-ए-नौरस' या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. अर्ककिल्ल्याच्या खंदकाला लागून नरसोबाचं दत्तस्थान आहे, तिथे इब्राहिम दर्शनाला यायचा असं गावात आजही सांगतात. नळदुर्गचा पाणीमहाल पाहिला असेल तर त्याच्या काळातली कारागिरी तुम्ही आधीच पाहिली आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बसवायची कल्पना याच अमदानीतली.

१५९९ मध्ये त्याने तोरवीजवळ नवं शहर वसवायला घेतलं, नाव नौरसपूर. महाल झाले, बाजार झाले, तट अर्धा झाला. १६२४ मध्ये निजामशाहीचा मलिक अंबर चालून आला आणि त्याने नौरसपूर लुटलं. पुन्हा कोणी तिकडे राहायला गेलं नाही. संगीतमहालाचा सांगाडा अजून उभा आहे, गगनमहालाच्याच घाटाचा. त्याच बाजूला शेतांमधून गेलं की 'साठ कबर' लागते: ओळींमागून ओळी, एकसारख्या काळ्या दगडाच्या कबरींच्या. अफजलखानाने प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी आपल्या बायकांना मारून इथे पुरलं अशी दंतकथा आहे. कथेला पुरावा नाही, कबरी मात्र मोजून घ्या. खानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबर जवळच रिकामी आहे. तो प्रतापगडाच्या पायथ्याशी झोपला.

गावाकडे परतताना मक्का दरवाज्याबाहेर इब्राहिम रोजा. ताजमहालाचं मूळ इथे आहे वगैरे वाक्यं तुम्हाला गाइड ऐकवेल. ती कानाआड करा, कारण या इमारतीला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर मशीद आणि कबर, मध्ये हौद. लेखांवरून दिसतं की ही जागा मुळात राणी ताज सुलतानासाठी बांधली जात होती. बांधणारा मलिक संदल, खर्च सुमारे दीड लाख होन, काम संपलं १६२६-२७ मध्ये. त्याच सुमारास इब्राहिम वारला आणि राणीच्या आधी तोच इथे आला. विजापुरातलं हे बहुधा एकमेव मोठं काम, जे शेवटच्या कंगोऱ्यापर्यंत पुरं झालं.

दगड तोच, आपल्या वाड्याच्या जोत्याला असतो तो काळा बेसाल्ट, छिन्नीला अजिबात न ऐकणारा. खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि जवळ गेल्यावर कळतं की जाळी नक्षीची नाही, अरबी अक्षरांची आहे. अक्षरांच्या मधला दगड कोरून काढलाय. आत उभं राहिलं की उजेड ओळींच्या मधून येतो. भिंतीही अक्षरांनी आणि वेलींनी भरलेल्या. मशिदीच्या कोपऱ्यांवर एकसंध दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबत. कबरीच्या दालनात मान वर करा: चाळीस फूट लांबरुंद छत, जवळजवळ सपाट, दगडी फरशांचं, खाली एकही खांब नाही. कडेला ते किंचित वळून भिंतीला मिळतं आणि फरशा जबर चुन्याने एकमेकींना धरून आहेत. हे छत आणि बाहेरून दिसणारा घुमट यांच्यामध्ये एक आख्खी पोकळी आहे. मी तिथे दरवेळी जरा अवघडून उभा राहतो. एवढा दगड डोक्यावर पडत का नाही, याचं उत्तर माहीत असूनही.

इब्राहिमचा मुलगा महंमद. त्याच्याकडे बापाची नजाकत नव्हती, पैसा होता. १६३६ मध्ये शहाजहानशी तह झाला, निजामशाहीचा तुकडा पदरात पडला आणि उत्तरेची काळजी मिटली. मग फौजा दक्षिणेकडे वळल्या. रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मोहिमांत पुढे होते. कर्नाटकातून खंडणी आणि लूट येत राहिली. गोलघुमट बघताना हे ध्यानात असू द्यावं: बंगळूरपर्यंतच्या मुलखाचा पैसा या भिंतींत गेला आहे. बांधकामाचं श्रेय याकूत दाभोळी याला देतात. दाभोळ म्हणजे आपलं कोकणातलं बंदर.

बाहेरून इमारत म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १५६ फुटांचा ठोकळा, चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे, वर अर्धगोल. आतलं दालन १३५ फूट चौरस. सव्वाअठरा हजार चौरस फूट जागा, मध्ये एकही खांब नाही. रोमच्या पँथिऑनचा घुमट व्यासाने मोठा, पण त्याच्याखालची जमीन याहून कमी. लंडनच्या सेंट पॉलचा घुमट व्यासानेही लहान. चौथऱ्यावर महंमद, त्याच्या बेगमा ताजजहान आणि आरूसबीबी, रंभा नावाची त्याची नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या कबरी आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात. दक्षिण दरवाज्यावरच्या लेखात तीन वाक्यं आहेत आणि प्रत्येकाच्या अक्षरांची बेरीज केली की एकच साल निघतं, १०६७ हिजरी. म्हणजे १६५६, महंमदाच्या मृत्यूचं साल. त्याच वर्षाच्या आरंभी शिवाजीराजांनी जावळी घेतली होती.

खरा प्रश्न असा होता: खोली चौकोनी, घुमट गोल. गोलाचं वजन चौकोनाच्या फक्त चार भिंतींवर मध्येमध्ये टेकणार, कोपरे अधांतरी. शिवाय घुमट नुसता खाली दाबत नाही, तो भिंतींना बाहेर ढकलतो. १२४ फूट व्यासाचा, बुडाशी दहा फूट जाड घुमट किती ढकलेल याचा विचार करा. याकूतने, किंवा ज्याने कोणी हे डोकं चालवलं त्याने, आतल्या भिंतींवर आठ कमानी अशा उभारल्या की त्या एकमेकींना छेदतात. जमिनीवर एक चौकोन काढा, त्यावर तसाच दुसरा आठवा हिस्सा फिरवून ठेवा. आठ टोकांची चांदणी तयार होते. कमानी या दोन चौकोनांच्या बाजूंवर आहेत. त्या वर जाता जाता आत झुकतात आणि छेदतात तिथे दगडाचा भार दालनाच्या पोकळीवर पुढे आलेला असतो. घुमट बाहेर ढकलतो, हा झुकलेला भार आत ओढतो. दोन्ही जोर एकमेकांना खाऊन टाकतात. वरती एक अखंड गोल कडं मिळतं, त्यावर घुमट निवांत बसतो. घुमट स्वतः विटांचा, पण विटांमध्ये चुना इतका जाड की तो जवळपास एकसंध ओतीव कवचच झालाय.

कमानींचा भार आत पुढे आला, त्यामुळे घुमटाच्या बुडाशी, आतल्या बाजूने, सुमारे अकरा फूट रुंद सज्जा आपोआप मिळाला. जमिनीपासून १०९ फुटांवर. आवाजाचा सगळा खेळ तिथला. म्हणजे प्रतिध्वनीसाठी घुमट बांधला नाही. घुमट टिकावा म्हणून जे केलं त्यातून प्रतिध्वनी निघाला.

तो दोन प्रकारचा आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एक टाळीचा. सज्ज्याच्या एका कडेला टाळी वाजवली की आवाज सुमारे ३८ मीटरवरच्या समोरच्या भिंतीला जाऊन परत येतो. जायला-यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दोन आवाजांत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर असलं की कान ते वेगळे ऐकतो. गोल भिंत आवाज विखरू देत नाही, पुन्हा पुन्हा गोळा करते. म्हणून एक टाळी सात ते दहा वेळा ऐकू येते. दुसरा कुजबुजीचा. भिंतीला तोंड लावून हळू बोललं तर पलीकडच्या माणसाला भिंतीला कान लावून ते कळतं. तो आवाज मधून जात नाही, वळणाला चिकटून भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो. लॉर्ड रॅले यांनी सेंट पॉलच्या सज्ज्यावरून ही उपपत्ती मांडली होती. सी. व्ही. रामन यांनी सेंट पॉलमध्येही प्रयोग केले आणि १९२२ मधल्या निबंधात गोलघुमटाचाही अभ्यास मांडला. तेव्हा वर गेल्यावर शिट्टी मारण्याऐवजी कागद टरकावून बघा. आणि तेही सकाळी. साडेदहानंतर शंभर पोरं एकदम ओरडतात. त्यात रामन असते तरी त्यांना काही ऐकू आलं नसतं.

हे सगळं कसं उभं राहिलं ते बघायचं तर घुमटावरून खाली उतरून गावाबाहेर ऐनापूरला जा. तिथे जहान बेगमची कबर आहे. तोच चौरस आराखडा, तेच कोपऱ्यांचे मनोरे, घुमट मात्र चढलाच नाही. गोलघुमटाचं काम मधेच थांबलं असतं तर ते कसं दिसलं असतं, हे उघड्यावर मांडून ठेवल्यासारखं आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. स्थापत्य शिकणाऱ्या मुलांना आधी इथेच न्यायला हवं.

महंमदानंतर दुसरा अली. बापाहून मोठी कबर बांधायची असं त्याने ठरवलं, आणि इथे पैशाचं गणित उलटलं. एकीकडून मोगल, दुसरीकडून शिवाजीराजे. मुलूख घटत गेला. १६७२ मध्ये अली वारला तेव्हा या कबरीचं, म्हणजे बाराकमानचं, काम कमानींपर्यंत आलं होतं. तिथेच थांबलं. गावाच्या मध्यावर, बागेत, ओळीने काळ्या कमानी उभ्या आहेत, काही अर्ध्या, काही पुऱ्या, वर आभाळ. तिचं छप्पर कोसळलं असा बऱ्याच जणांचा समज असतो. ते कधी चढलंच नव्हतं.

प्रत्येक सुलतान स्वतःची कबर स्वतः बांधत असल्यामुळे हे होत राहिलं. मालक मेला की गवंडी नव्या मालकाच्या पायावर जात, जुन्या सुलतानाची हौस पुरी करण्यात कोणाला रस? इब्राहिम नशीबवान, त्याला सत्तेचाळीस वर्षं मिळाली. अलीला सोळा.

त्यानंतर चौदा वर्षांत सगळं आटोपलं. १६८५ मध्ये मोगलांनी वेढा घातला; औरंगजेब स्वतः सोलापुरात तळ ठोकून होता. वेढा रेंगाळला तसा १६८६ च्या पावसाळ्यात तो सोलापूरहून निघून विजापूरच्या तटाखाली आला आणि १२ सप्टेंबरला किल्ल्या त्याच्या हाती पडल्या. सिकंदर कैदेतच १७०० मध्ये वारला. शहर रोगराई आणि दुष्काळाने रिकामं झालं. पुढे निजाम, पेशवे, १८१८ नंतर साताऱ्याचे छत्रपती, आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर इंग्रज. १८८५ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून इथे हलवलं आणि कचेऱ्यांसाठी बादशाही इमारती घेतल्या. एका मशिदीत टपाल कचेरी, दुसरीत डाकबंगला, जोड घुमटातल्या एका कबरीत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरचं बिऱ्हाड. हे बघून लॉर्ड कर्झनही चिडला आणि त्याने मशिदी रिकाम्या करवल्या. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन १९१६ मध्ये या वास्तूंवर जो ग्रंथ काढला, तो आजही प्रमाण आहे.

एक दिवस असेल तर घुमट, जामा मशीद, गगनमहाल, ताज बावडी, रोजा एवढं होतं. दोन दिवस असतील तर नौरसपूर आणि ऐनापूर. गावात अजून टांगे आहेत. दर आधी ठरवावा. आसारमहालात बायकांना आत सोडत नाहीत, ते आधी माहीत असलेलं बरं. जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नये. उन्हाळ्यात तर विजापूरला जाऊच नये, पण सोलापूरकरांना उन्हाबद्दल काय सांगायचं.

राहिली मुलूखमैदान तोफ. ती मक्का दरवाज्याच्या उत्तरेला शेरझा बुरुजावर आहे. ही तोफ विजापूरची नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी या तुर्काने ओतली. साडेचौदा फुटांच्या आसपास लांबी, पाच फूट जाडी, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दाढांत चिरडणारा हत्ती. मिश्रधातूची असल्यामुळे नाण्याने ठोकली तर घंटेसारखी वाजते, आणि भर दुपारीही हाताला गार लागते. बरीच वर्षं ती आपल्या बार्शीशेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंत ती ओढून विजापूरला घेऊन आला. शेकडो बैल आणि हत्ती जुंपले होते म्हणतात, आणि परांडा ते विजापूर मधली भीमा बघितली की ते खरंही वाटतं. औरंगजेबाने विजयानंतर तिच्यावर आपला लेख कोरून घेतला. १८५४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज कमिशनरने निरुपयोगी सरकारी सामान मोडीत काढायचा हुकूम सोडला, त्यात ही तोफही लिलावाला निघाली. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. हाताखालच्या साहेबाला एवढ्या ऐवजाला ही रक्कम फारच थोडी वाटली, त्याने तसं वर लिहून कळवलं, आणि विक्री रद्द झाली.